गोविंदाला लंडनचा शिक्का कशाला?

ब्रिटनमधील ‘कुला शेकर’ या वाद्यवृंदाचा ‘नॅचरल मॅजिक’ हा अल्बम २०२४च्या फेब्रुवारीत प्रकाशित झाला आणि चाहत्यांमधील जुना वाद पुन्हा रंगला. मूळचा की-बोर्डवादक जे डार्लिंग्टन परतल्याने १९९६च्या ‘के’ या पहिल्या अल्बमचा जोम परत आला, असे एक पक्ष म्हणतो. सतार, मंत्र आणि भारतभक्ती यांचीच ही पुनरावृत्ती, असे दुसरा. वादाच्या मुळाशी मात्र प्रश्न एकच: ही भारतीयता खरी की निव्वळ सजावट?

हा प्रश्न चाहत्यांचा नव्हे, तो इंग्रजी समीक्षकांनी १९९६मध्येच पेरला. त्या वर्षी संपूर्ण संस्कृत शब्दांचे ‘गोविंदा’ हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले. गायक क्रिस्पियन मिल्स हा अभिनेत्री हेली मिल्स यांचा पुत्र. तेव्हा श्रीमंत घरातील मुलाची पौर्वात्य हौस म्हणून त्याची टिंगल झाली. मात्र १९७३मध्ये ‘स्टीलआय स्पॅन’चे ‘गाऊदेते’ हे लॅटिन गीत याच यादीत १४व्या क्रमांकावर गेले, तेव्हा ती परंपरा ठरली! लॅटिन ती परंपरा आणि संस्कृत ते सोंग, हा न्याय कोणत्या तराजूतला?

गायकाची श्रद्धा किती खोल, हे त्याचे त्याने पाहावे. गाणे कच्चे असेल तर कच्चे म्हणावे. पण भाषा संस्कृत म्हणून नव्हे.

तथापि, परक्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. या वाद्यवृंदाचे नाव ज्यावरून पडले, तो कुलशेखर आळवार केरळचा राजा आणि विष्णुभक्त. ‘मुकुंदमाला’ हे संस्कृत स्तोत्र त्याच्या नावावर आहे. लंडनमधील तरुणांना त्याचे नाव घ्यावेसे वाटले. आपल्या किती सुशिक्षित घरांत ते माहीत आहे? १९६९मध्ये जॉर्ज हॅरिसनने लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांकडून ‘हरे कृष्ण मंत्र’ ध्वनिमुद्रित करून घेतला, तो १२व्या क्रमांकावर गेला. त्यानंतर आपल्याकडील पुरोगाम्यांनाही भजनात ‘संगीत’ दिसू लागले. तोवर टाळमृदंग म्हणजे मागासलेपण!

याचे नाव आत्मविस्मृती. जी वस्तू माजघरात आहे, तिची किंमत परदेशी दुकानाच्या काचेत पाहिल्यावर कळावी, यापरते दारिद्र्य कोणते? वारीतील अभंगाला कोणत्याही विक्रीयादीची गरज पडली नाही. तो टिकला, कारण घराघरांत तो रोज म्हटला गेला.

म्हणून मुलांनी कुला शेकर ऐकू नये, असे मुळीच नाही. अवश्य ऐकावे. मात्र त्यांना गोविंद प्रथम भेटावा तो देवघरात, सायंकाळच्या दिव्यापाशी, आजीच्या तोंडून. तेथे ओळख झालेल्या मुलाला लंडनचे गीत खरे की खोटे, हे दुसऱ्या कुणाला विचारावे लागणार नाही.