अणुभट्टी आणि गोठ्यातलं दूध

जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय निघाला की एक म्हणतो वीज पाहिजे, दुसरा म्हणतो आंबा जाईल. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाऊन मीही वैतागलोय, विजेला माझा विरोध नाही. पण चेर्नोबिल आठवा. २६ एप्रिल १९८६ ला तिथली भट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसलं, गवत गाईनं खाल्लं, दूध लेकरं प्याली, आणि ते त्यांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन साठलं. पुढं हजारो पोरांना थायरॉईडचा कॅन्सर झाला.

या आयोडीनचा जोर दर ८ दिवसांनी निम्मा होतो. दोन-अडीच महिने गाई साठवणीच्या वैरणीवर ठेवल्या असत्या, दूध ओतून दिलं असतं, तर बरीच लेकरं यातून सुटली असती. पण सरकारनं वेळेत सांगितलंच नाही. शेजारच्या पोलंडनं मात्र काही दिवसांतच सुमारे १ कोटी मुलांना साधं आयोडीन पाजलं.

जनसुनावणीत मोबदल्याचा दर सगळेच विचारतात. (मीही विचारीन.) पण आसपासच्या गावांतलं गवत नि दूध कोण तपासणार, आकडा त्याच दिवशी डेअरीवर लावणार का, हे आधी लेखी घ्या. फॅटचा आकडा रोज पावतीवर येतो, मग हा का नाही?