प्राध्यापकांची साठी आणि रिकामी खुर्ची

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाने साठाव्या वर्षी घरी जावे, हा शासनाचा नियम. ज्येष्ठांनी जागा सोडली म्हणजे तरुणांना संधी मिळेल, हे त्याचे साळसूद समर्थन. ते खरे असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती.

सोलापूरला १९४० पासून दयानंद महाविद्यालय आहे. २००४ मध्ये तर या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले. गावाची विद्येची भूक मोठी. परंतु राज्यात कोठेही अनुदानित प्राध्यापक ३१ मे रोजी निवृत्त झाला (त्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ठरविलेली!), की त्याचे पद आपोआप भरले जात नाही. वित्त विभागाची मान्यता, ना-हरकत, बिंदुनामावली, जाहिरात यांत वर्षे उलटतात. तोवर नेट-सेट झालेला तरुण तेच तास तासिका तत्त्वावर घेतो. सुट्टीत त्याला मानधन नाही. ज्येष्ठ गेला, तरुण आला नाही, वाचला तो शासनाचा पगार. तरुणांच्या नावाने चाललेली ही काटकसर आम्हांस अप्रामाणिक वाटते.

केंद्रीय विद्यापीठांत २००७ पासून हीच मर्यादा ६५ आहे. राज्यांवर ती बंधनकारक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. कायदा ठीक; पण शेजारच्या कलबुर्गीतील केंद्रीय विद्यापीठात शिकविण्यास समर्थ असलेला ६२ वर्षांचा मनुष्य सोलापुरात असमर्थ कसा?

मर्यादाच नको, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये प्राध्यापकांची सत्तरीची सक्ती संपली. पूर्वी त्या वयात हमखास जाणारे अनेकजण त्यानंतर जागा सोडीनासे झाले, हे ॲशेनफेल्टर व कार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. खुर्चीचा मोह सर्वत्र सारखाच.

आमच्या ख्रिस्तसभेची रीत पाहण्याजोगी आहे. बिशप पंचाहत्तरीला राजीनामा सादर करतात. तो केव्हा स्वीकारावा, हे पोपमहोदय ठरवितात. सोलापूर ज्या पुणे धर्मप्रांतात मोडते, तेथील बिशप थॉमस डाबरे २०२० मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले. पायउतार झाले २०२३ मध्ये, बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची नेमणूक झाली तेव्हा. धर्मपीठ रिक्त झालेच, तर आठ दिवसांत प्रशासक निवडावा, असे कॅनन कायदा सांगतो. येथे तर निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवसापासूनच शासनाला ठाऊक असते!

म्हणून आमची मागणी अशी की, जाहिरात वर्षभर आधी निघावी आणि उत्तराधिकारी रुजू होईपर्यंत, पासष्टीच्या आत, प्रकृती व काम पाहून, जुन्या प्राध्यापकास पूर्ण वेतनावर वर्गात राहू द्यावे. विलंबातून बचत होईनाशी झाली, की फायली आपसूक हलू लागतील.