शेवटचे बावीस मीटर

माझं घर बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जुनं वऱ्हाडी घर. पुढे बैठक, मग अंगण, अंगणापलीकडे स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे मुलींची खोली. मागच्या भिंती मातीच्या, चांगल्या हातभर जाड. गल्लीत फायबरचं इंटरनेट आलं तेव्हा जोडणी करणाऱ्या पोराने विचारलं, ‘चाचा, राउटर कुठं लावू?’ मी म्हटलं, ‘बैठकीत.’ विचार करायची गरजच वाटली नाही. टीव्ही बैठकीत, सोफा बैठकीत, पाहुणे बैठकीत. मग इंटरनेटही तिथेच.

मुलगी बारावीला, विज्ञान शाखेत. मागच्या खोलीत रेंज पोहोचत नव्हती, म्हणून ती बैठकीच्या उंबरठ्याशी पुस्तकं मांडून बसायची. कुणी बाहेरचा माणूस आला की पुस्तकं गोळा करून आत. एका संध्याकाळी तिची ऑनलाइन सराव परीक्षा चालू होती आणि माझे दोन दोस्त आले. ती उठली. चहा झाला, गप्पा झाल्या, राजकारण झालं. रात्री मी विचारलं, ‘पेपर कैसा गया?’ ती म्हणाली, ‘आधाच हुआ अब्बू, आपके दोस्त आये थे ना.’ आवाजात तक्रार नव्हती. तिने ते पावसासारखं धरलं होतं. आला तर आला, आपण आत जायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मुलींच्या शिक्षणावर जलशांत बोलतो. सरकार देत नाही, शाळा लांब आहे, वसतिगृह नाही, अशी गाऱ्हाणी मांडतो. ती खरीही आहेत. पण माझ्या घरात बैठकीपासून मुलीच्या खोलीपर्यंतचं अंतर मोजलं, तर ते बावीस मीटर भरलं. ते कुठल्या सरकारने अडवलं होतं?

शेजाऱ्यांनी तीन सल्ले दिले. पहिला, मोबाईलचा डेटा आहे की. आहे, पण त्या मातीच्या भिंतीआड तोही गुदमरतो आणि दिवसाचा कोटा दोन तासिकांत संपतो. दुसरा, रिपीटरचा डबा लावा. तोही लावून पाहिला. रिपीटरला जिथे मुळातच कमजोर रेंज मिळते, तिथून तो कमजोरच पुढे ढकलतो. शिवाय स्वस्त डबा एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. नव्या राउटरची 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण जाड भिंत तिला 2.4 पेक्षा जास्त मारते. तिसरा सल्ला सगळ्यात जुना होता: ‘लडकियों के कमरे में नेट किसलिये?’

पहिल्या दोन सल्ल्यांना उत्तर म्हणजे एक साधी वायर. कॅट-6 केबल. आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या. हा पीळ बाहेरचा विजेचा गोंगाट कापतो. घरातल्या अंतरासाठी जुनी कॅट-5ई सुद्धा पुरते. ती 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते, म्हणजे माझ्या बावीस मीटरच्या चौपटीहून जास्त. दुकानात फक्त एक गोष्ट ठासून विचारा: तार शुद्ध तांब्याची आहे का? वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, असा स्वस्त माल सर्रास मिळतो. ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं. ती घेऊ नका.

आम्ही पीव्हीसी पाईपातून वायर नेली, विजेच्या वायरपासून वीतभर दूर. जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवला. मागच्या खोलीत अडगळीतला जुना राउटर लावला. त्याचं डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहिलं. त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून वेगळा दिला आणि वायर त्याच्या लॅनच्या खाचेत खोचली. एक रविवार गेला आणि दोन हजारांच्या आत भागलं. ‘भिंत फोडता?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्या बैठकीत एसीच्या नळीसाठी मनगटाएवढं भोक पाडलं आहे, हे त्यांनाही माहीत आहे.

आता तिसरा सल्ला. पोरगा रात्री अकरापर्यंत चौकातल्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसतो, त्याला कुणी विचारत नाही. पोरगी चार भिंतींत अभ्यासाला इंटरनेट मागते, तर ती बिघडेल! ही काळजी नव्हे, ही सवय आहे. आणि तिला दीनचं नाव देऊ नका. इल्म घेणं फर्ज आहे, हे आपणच वाझमध्ये ऐकतो. मग ते घराच्या कुठल्या खोलीत घ्यायचं, हे कुणी ठरवलं?

केरळमध्ये एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईलवर बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला काढलं गेलं. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. ती कोर्टात जाऊ शकली, कारण समोर वसतिगृह होतं. बापाच्या बैठकीविरुद्ध मुलगी कुठे जाणार?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष सुमारे 49 टक्के आणि महिला सुमारे 25 टक्के. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, त्यामुळे इतरांनीही हसू नये. वाड्यातली ओसरी आणि आमची बैठक, दोन्हीकडे राउटर पुरुषांच्याच डोक्यावर टांगलेला असतो. केंद्राने 2011 साली मंजूर केलेली, पुढे भारतनेट म्हटली गेलेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची आहे. ती रखडली की आपण ओरडतो आणि ओरडलंच पाहिजे. पण बैठकीपासून मुलीच्या टेबलापर्यंतची वायर कुठल्याच योजनेत नाही. ती आपल्यालाच टाकायची आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच बघा, राउटर कुठे टांगलाय आणि मुलगी कुठे बसते. मधलं अंतर पावलांनी मोजा.

गेल्या आठवड्यात तेच दोघे दोस्त आले. चहा झाला, राजकारण झालं. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि पेपर पूर्ण तीन तास चालला.