चामड्याचे आसन

मोटारीतील चामड्याची आसने वैभवाचे लक्षण मानली जातात. कर्ज सात वर्षांचेही असू शकते. चालकाच्या आसनाचा दाराकडील उंचवटा मात्र कधी कधी दोन-तीन वर्षांतच घासून जातो आणि बैठक सैलावते. दोष नेहमी बनावटीचाच असतो असे नाही. चामडे हे तंतूंचे जाळे आहे. पोटाकडील कातड्यात ते विरळ असते, म्हणून तो भाग लवकर ताणला जातो. ऊन व घाम यांनी ताण वाढतो, आतला फोम दबतो आणि आवरण पूर्ववत होत नाही. उतरताना शरीर दर वेळी त्याच उंचवट्यावरून घसरते. रंगाचा लेप तेथेच प्रथम तडकतो. हमीपत्रात अशी झीज बहुधा वगळलेली असते, आणि ते कलम सहसा कोणी वाचत नाही.

जैन कुटुंबापुढील प्रश्न टिकाऊपणाच्याही आधीचा आहे. हे जाळे एका पंचेंद्रिय जीवाच्या देहाचे होते. मंदिराबाहेर चामड्याचा पट्टा व पाकीट काढून ठेवणारा श्रावक दर्शनाला येतो तो अशाच आसनावर बसून, ही विसंगती सहज नजरेआड होते.

विक्रेत्याच्या तोंडचा ‘लेदर’ हा शब्दही संदिग्ध आहे. पुष्कळदा ते कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेले ‘लेदरेट’ असते. काही गाड्यांत बैठक कातड्याची व बाजू कृत्रिम असतात. म्हणून नोंदणीपूर्वी लेखी खुलासा मागावा. स्टिअरिंग व गिअरच्या दांड्यावरील वेष्टनाचीही चौकशी करावी. कापडी आसनांच्या गाडीतही तेथे खरे चामडे असू शकते.