पलटणींतली पाण्याची बाटली

गेल्या महिन्यांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं एक पाण्याची बाटली आली, आणि तिनें आठ दिवस घरांतल्या मंडळींचे दोन तट पाडले. आमच्या धाकट्या पुतण्यास जुन्या लष्करी सामानाचा नाद आहे. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितात, कोणी नाणीं. हे चिरंजीव फौजी पट्टे, जेवणाचे डबे आणि पाठीवरच्या पिशव्या जमवितात. सदर बाटली त्यांनीं उल्हासनगरांतल्या एका भंगारवाल्याकडून आपल्या शिकवणीच्या पैशांतून तीनशें रुपयांस आणली, आणि जागा दिसली म्हणून थेट स्वयंपाकघरांतल्या फळीवर ठेवली.

वहिनींनीं विचारलें, "ही कोणाच्या तोंडाची बाटली, आणि ती इथें कशाला?" प्रश्न रास्त होता. अशा बाबतींत आमच्या घरीं शेवटचा निकाल आईचा; तिला आतां शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. आईनें बाटली हातांत घेतली, तिच्यावरचें बुरणुसाचें खाकी आवरण बोटांनीं चांचपलें, आणि म्हणाली, "अरे, ही तर धाबळी नेसून आली आहे. लोकरीला कसला ग विटाळ!" धर्मशास्त्राचा हा उपयोग आम्हांस नवीन होता. तथापि बाटली फळीवरून खालीं आलीच; ती बाहेरच्या खोलींत टेबलावर गेली, आणि तेथें ती आम्हीं प्रथमच नीट पाहिली.

बाटली इंग्रजी सैन्यांत ज्या नमुन्यास 'मार्क सात' म्हणत त्या जातीची आहे. लोखंडी पत्र्यावर निळें इनॅमल, अंगाला टेंकून बसावी म्हणून एक बाजू किंचित खोलगट, तोंडाला दोरीनें बांधलेलें बूच, आणि सर्वांगावर बुरणुसाचा अंगरखा. आंत दोन पाइंट, म्हणजे लिटराहून थोडें अधिक पाणी मावतें. ही बाटली १९३७ सालच्या नमुन्याच्या सुती पट्ट्यांत अडकवून कमरेशीं बाळगीत. लोकरीचें आवरण केवळ धक्का लागूं नये म्हणून नव्हे. तें भिजवून ठेवलें कीं वाऱ्यानें त्यांतलें पाणी उडून जातें, आणि जातांना आंतली उष्णता घेऊन जातें. माठ पाझरतो म्हणून त्यांतलें पाणी गार होतें. मोटारीच्या पुढें लोंबणारी कॅनव्हासची छागल याच युक्तीनें पाणी गार ठेवी. आमच्या आईला ही गोष्ट सांगावी लागली नाहीं. तिनें न विचारतां आवरणाचा एक कोपरा ओला केला व बाटली खिडकींत टांगली. चिरंजीव धांवत येऊन "आजी, तें भिजवूं नकोस!" म्हणून ओरडले तें का, याचा उलगडा पुढें होईल.

एका लिटराचें मोल घरांत नळ असलेल्या माणसास कळत नाहीं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत दुसऱ्या महायुद्धांत दर माणशी दिवसाला एक गॅलन पाणी मिळे, कित्येकदां त्याहूनही कमी. आणि त्यांतच पिणें, चहा, दाढी व मोटारीचें रेडिएटर. तेथें मराठी माणसेंही होतीं. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्यें टोब्रूक पडलें तेव्हां तेथेंच शत्रूच्या हातीं सांपडली. तिसरी पलटण त्यापूर्वीं १९४१ सालीं इरिट्रियांत केरेनच्या डोंगरांवर लढली होती, आणि तिच्यांतलेच नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणींतले शिपाई नामदेव जाधव यांना तोच मान ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल मिळाला. हीं नांवें पुस्तकांत आहेत. परंतु पुस्तकांत न आलेल्या हजारों शिपायांच्या कमरेलाही हीच बाटली होती.

याच वाळवंटांतून आणखी एक वस्तु आपल्या घरांत आली आहे, आणि तिचा वंश कोणी विचारीत नाहीं. इंग्रजांचे पेट्रोलचे डबे पातळ पत्र्याचे व डागाचे. ते ठिकठिकाणीं गळत आणि कितीतरी पेट्रोल वाळूंत जाई. जर्मनांनीं मात्र १९३७ सालींच वीस लिटरांचा असा डबा केला होता, कीं ज्याचे सांधे वितळवून एकजीव केलेले, तोंडाला खटक्याचें झांकण, व वर तीन मुठी. भरलेला डबा एकट्यानें न्यावयाचा तर मधली मूठ, दोघांनीं न्यावयाचा तर बाहेरच्या दोन; आणि रिकामे असल्यास एका हातांत दोन डबे सहज येतात. हातीं लागलेले हे डबे इंग्रजांस इतके आवडले कीं त्यांनीं त्यांची हुबेहुब नक्कल केली. जर्मन माणसास टोमी सोजीर 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. पाण्याच्या टंचाईंत आपण ज्या प्लास्टिकच्या कॅनसाठीं शेजाऱ्यांशीं भांडतों, त्याचें नांव येथून आलें आहे.

असो. हें सामान कल्याणच्या बाजूस इतकें कां सांपडतें, हें नव्या पिढीस सांगितलें पाहिजे. आज जेथें उल्हासनगर आहे, तेथें दुसऱ्या महायुद्धांत लष्कराचा मोठा तळ होता. बंदराकडे जाणाऱ्या व बंदरावरून येणाऱ्या पलटणी तेथें उतरत. बराकींची संख्या दोन हजारांहून अधिक होती. युद्ध संपलें, तळ ओस पडला. आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस सरकारनें त्याच बराकींत आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें वसाहतीचा पाया घातला गेला, व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. आजही तेथले रहिवासी 'कँप एक', 'कँप चार' असाच पत्ता सांगतात. ती त्या तळाचीच खूण होय. एका माणसाची सोडलेली बराक दुसऱ्याचें घर झाली. त्याचबरोबर देशभर युद्धांतून उरलेलें सामान डिस्पोजल्स खात्यामार्फत विकलें गेलें. तंबू, घोंगड्या, बूट, पट्टे, डबे असा सर्व माल बाजारांत आला, आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या लहानपणीं टिकाऊ वस्तूस सरसकट लावीत.

तळाची सर्वच आठवण मात्र भंगारवाल्याच्या तराजूंत मावणारी नाहीं. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथें त्याच युद्धकाळांत विमानांच्या धांवपट्टीसाठीं आसपासच्या गांवांच्या जमिनी सरकारनें घेतल्या. युद्ध सरलें, इंग्रज गेले, जमीन परत आली नाहीं. ती पुढें नौदलाच्या ताब्यांत राहिली, आणि कुंपणाच्या भिंतीवरून जून २०१७ मध्यें तेथें शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. वाहनें जळलीं, शेतकरी व पोलीस दोघेही जखमी झाले. चिरंजीव पट्टे जमवितात त्यास आमची हरकत नाहीं. पण ज्या आजोबांची शेती त्या धांवपट्टीखालीं गेली त्यांच्या घरीं युद्धाची आठवण कोणत्या स्वरूपांत आहे, हेंही त्यांनीं एकदां जाऊन पाहावें, असें आम्हीं त्यांस सांगितलें आहे.

आतां या छंदाच्या कांहीं व्यवहारी गोष्टी; कारण आमच्या वाचकांच्या घरींही असा एखादा संग्राहक निपजण्याचा संभव आहे. इंग्रजी सरकारी मालावर बाणाच्या टोंकासारखी तीन रेघांची खूण असते. तीच खूण इंग्रजी 'सी' अक्षरांत असल्यास माल कॅनडाचा. पट्ट्यांच्या आंतल्या बाजूस कारखान्याचें नांव व साल शाईनें उमटविलेलें असतें, आणि बहुधा तेंच धुण्यांत जातें. अमेरिकन बाटली निराळी: ती ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची, वर 'यू. एस.' हीं अक्षरें, झांकण सांखळीनें अडकविलेलें, आणि बुडाशीं बसणारा एक पेला. अमेरिकन फौज पूर्वेकडील लढाईसाठीं हिंदुस्थानांत उतरली होती, म्हणून ह्या बाटल्याही मुंबईच्या चोरबाजारांत दिसतात. तेथें नकली मालही पुष्कळ. चहाच्या पाण्यांत बुडवून व मातींत पुरून नवा पट्टा म्हातारा करतां येतो. पण खऱ्या पट्ट्याची झीज बक्कल घासतें त्याच जागीं असते, नकली पट्टा सगळीकडे सारखाच मळलेला असतो. संगीन ही शस्त्रांच्या कायद्याखालीं येणारी वस्तु आहे, ती हौसेनें घरीं आणूं नये. आणि भंगारांत गोळा, काडतूस किंवा तत्सम कांहींही दिसलें, कितीही गंजलेलें असलें, तरी त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. ह्या बाटलींतून पाणी पिऊंही नये. आंतलें इनॅमल जेथें उडालें असेल तेथें गंज असतोच.

इतकें शिकलेल्या आमच्या चिरंजीवांनीं स्वतःच चूक करण्याचा घाट घातला होता. बाटलीबरोबर जो सुती पट्टा आला, त्याच्या आंतल्या बाजूस कांहीं जांभळट डाग होते. चिरंजीव तो साबणाच्या पाण्यांत टाकणार, इतक्यांत ठाण्याहून आमचे मामा आले. मामांना त्र्याण्णवें वर्ष आहे. त्यांनीं चष्मा वर करून पट्टा उजेडांत धरला व म्हणाले, "डाग कसले? ही मोडी आहे."

मामा मराठी शाळेंत मोडी शिकलेले. घरांतल्या आम्हां बाकीच्यांना तें अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मामांनीं अर्धा तास घेतला. एक क्रमांक, एक नांव, बापाचें नांव, एक गांव, आणि 'तालुके माहाड, जिल्हे कुलाबा.' कॉपिंग पेन्सिलीनें लिहिलेलें होतें. ती पेन्सिल कोरडी असतां करडी, आणि पाणी लागलें कीं जांभळी होऊन पसरते. माणसाच्या घामानेंच तें अक्षर जांभळें झालें होतें; साबणाच्या एका बादलींत तें कायमचें गेलें असतें. आईनें बाटलीचें आवरण ओलें केलें तेव्हां चिरंजीव ओरडले तें ह्यानंतर. पट्टा शेजारींच होता, आणि आतां त्यांस पाण्याची भीति बसली होती.

नांव आम्ही येथें देत नाहीं. महाड तालुक्यांतून मराठा पलटणींत पुष्कळ माणसें गेलीं. १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली, तींतही कोंकणांतलीं माणसें होतीं. शिवाय रसद व वाहतुकीच्या तुकड्या होत्याच. नुसत्या नांवावरून पलटण सांगतां येत नाहीं, जातही सांगतां येत नाहीं. वहिनींनीं पहिल्या दिवशीं विचारलेला प्रश्न त्यानंतर घरांत कोणीं काढला नाहीं. वहिनींनींच रात्रीं चिरंजीवांस जागवून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी पाहावयास लावली. तींत दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हिंदी सैनिकांचीं नांवें कोणासही पाहतां येतात. त्या नांवाचे अनेक निघाले. परंतु तो क्रमांक कोणापुढेंही नव्हता. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे परत आला असेल बिचारा." असेल. कल्याणच्या तळावर बाटली जमा करून तो घरीं गेला असेल, अशी आमचीही इच्छा आहे.

आतां खरा वाद. चिरंजीवांनीं बाटलीचें छायाचित्र कोणा संग्राहकांस दाखविलें होतें. त्यांतल्या एका परदेशी गृहस्थांनीं, मोडी लिहिलेल्या पट्ट्यासह, तिला बारा हजार रुपये देऊं केले. चिरंजीवांना नवा संगणक हवा आहे, आणि आमच्या दादांची मिळकत आम्हांस ठाऊक आहे. "काका, मी चोरी केली नाहीं, पैसे मोजून आणली," असें त्यांनीं म्हटलें तें खोटें नाहीं. कायदाही त्यांच्या बाजूस आहे: १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें शंभर वर्षें झालेली ऐतिहासिक वस्तु खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं, म्हणून पहिल्या महायुद्धांतली बाटली असती तर प्रश्नच मिटला असता; पण ही दुसऱ्या युद्धांतली, तिला अजून शंभर वर्षें झालीं नाहींत. दादा विकण्याच्या बाजूचे. मामा म्हणाले, "नुसती बाटली असती तर मींही विक म्हटलें असतें. पण हिच्यावर पत्ता आहे. पत्ता लिहिलेली वस्तु सांपडली तर माणूस काय करतो?"

आमचें मत मामांसारखें पडलें, आणि तें आम्हीं सांगितलें. परंतु पैसे पोराचे व गरजही पोराची, तेव्हां फुकटचा उपदेश करून मोकळें होणें आम्हांस बरें वाटेना. संगणकासाठीं निम्मी रक्कम आम्ही घालावी, निम्मी दादांनीं दिवाळीनंतर द्यावी, असें ठरलें. दादा अजून थोडे घुश्शांत आहेत.

त्या गांवच्या सरपंचांस पत्र मामांनीं स्वतः लिहिलें, देवनागरींत. पट्ट्याचें छायाचित्र सोबत जोडलें, आणि त्या नांवाचे कोणी वारस असल्यास बाटली व पट्टा आम्ही घरीं आणून देऊं, असें कळविलें. पत्र रजिस्टरानें गेल्या सोमवारीं गेलें. परदेशी गृहस्थांचा पुन्हां निरोप आला, रक्कम पंधरा हजार. चिरंजीवांनीं तो आम्हांस दाखविला व मग पुसून टाकला.

बाटली सध्यां बाहेरच्या खोलींत छत्रीच्या खुंटीवर आहे. बुरणुसाला कसर लागूं नये म्हणून आईनें तिच्याभोंवतीं कडुनिंबाचा पाला बांधला आहे, आणि तो दर आठ दिवसांनीं बदलण्याचें काम वहिनींनीं आपणहून घेतलें आहे.