कोंबडीच्या पिसांत शेतातले विष नको

माणसांच्या आरोग्यासाठी असलेल्या या सदरात आज कोंबडी कशी काय शिरली, असे काही वाचकांना वाटेल. मी पशुवैद्य नाही. माझी पदवी माणसांवर उपचार करण्याची आहे. परंतु खेड्यांत आणि आपल्यासारख्या लहान गावांत परसदारी चार-सहा कोंबड्या असलेली घरे पुष्कळ आहेत, आणि त्या कोंबड्यांच्या दुखण्याचा पुढचा अंक अनेकदा माझ्या दवाखान्यात होतो. कुणाच्या अंगाला रात्रभर खाज सुटते, तर कुणाचे पोर एकाएकी घामाघूम होऊन ओकू लागते. विचारपूस करता करता धागा खुराड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आज हा विषय.

प्रकार बहुधा असा घडतो. पावसाळ्यात चार-पाच महिन्यांची, अंड्यावर येऊ घातलेली एखादी तलंग मलूल होते. पंख पाडून कोपऱ्यात बसते, तुरा फिका पडतो, पाठीवरची व मानेवरची पिसे जाऊन लाल कातडी दिसू लागते. घरातली आजी तिला उलटी धरून पाहते, तो पिसांच्या मुळाशी पिवळसर उवा धावताना दिसतात. मग निदान पक्के होते, "उवांनी खाल्ली!" आणि हात माळ्यावर जातो. तिथे कपाशीवर किंवा तुरीवर धुरळून उरलेल्या भुकटीची पिशवी असते. तीच मूठभर कोंबडीला चोळली जाते. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

उवा हे कारण की परिणाम?

थोड्याफार उवा धडधाकट कोंबडीच्या अंगावरही असतात. ती दिवसभर चोचीने पिसे साफ करते, कोरड्या मातीत वा राखेत लोळते आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवते. कोंबडीचे मातीत लोळणे ही तिची आंघोळच आहे. आजारी कोंबडी मात्र ना पिसे साफ करते, ना लोळते. पावसात अंगण ओले असले तर लोळायला कोरडी मातीही मिळत नाही. मग दोन-तीन आठवड्यांत उवांचे राज्य होते. म्हणजे पुष्कळदा कोंबडी उवांमुळे आजारी पडलेली नसते. ती आजारी होती म्हणून उवा माजलेल्या असतात. आणि एकदा माजल्या की त्या आजारात भर घालतात, हेही तितकेच खरे.

तेव्हा आधी आजार शोधायला हवा. छातीचे मधले हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखे लागत असेल तर ती बरेच दिवस उपाशी तरी आहे किंवा पोटात जंत तरी आहेत. विष्ठेत रक्त असेल तर तो आतड्याचा रोग असू शकतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या माना टाकू लागल्या तर तो उवांचा प्रश्नच नव्हे. तो मानमोडी किंवा बर्ड फ्लूसारखा साथीचा रोग असू शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता, हे आपण विसरलेले नसालच. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

पिसे गेली म्हणजे किडेच, असेही नाही. वाढत्या वयात तलंगेची पिसे बदलतात. मोठी कोंबडी वर्षातून एकदा पिसे टाकते. कोंबड्याच्या चढण्याने पाठ उघडी पडते. खुडूक कोंबडी छातीची पिसे स्वतःच उपटते. खुराड्यात दाटी झाली की दुबळ्या तलंगेला बाकीच्या टोचून टोचून बोडकी करतात. शिवाय पीस हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते. नुसत्या शिळ्या भातावर किंवा कण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला नवी पिसे कुठून येणार? या साऱ्यांवर कोणतीही पावडर चालत नाही.

घरातल्यांना खाज का सुटते?

कोंबडीच्या उवा माणसाच्या डोक्यात वस्ती करीत नाहीत. चुकून हातावर चढल्या तरी साबणाने धुतल्या की गेल्या. तेव्हा कोंबडीत उवा दिसल्या म्हणून मुलांच्या डोक्याला औषध चोपडू नये.

दुसरा एक बारीक किडा मात्र उपद्रवी आहे. कोळ्याच्या जातीचा, एक मिलिमीटरहूनही लहान, रक्त प्यायला की लाल दिसणारा. हा दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. खुराड्याच्या फटीत, बसण्याच्या दांडीच्या टोकांशी तो दडून राहतो आणि रात्री बाहेर पडून रक्त पितो. दिवसा तपासले तर कोंबडी स्वच्छ, आणि तरी दिवसेंदिवस फिकी पडत चाललेली, असे असेल तर रात्री विजेरी घेऊन खुराडे पाहावे. दांडीवर पांढरे फडके फिरवले तर त्यावर लाल ठिपके उमटतात. अशाच फटींतून कोंबडीची गोचीडही राहते. तीही रात्रीच चावते, आणि तिच्यापासून कोंबडीला तापाचा रोग होऊ शकतो.

हे लाल किडे माणसालाही चावतात. विशेषतः कोंबड्या विकल्या किंवा मेल्या आणि खुराडे रिकामे झाले की ते भुकेने घरात शिरतात. जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून खुराडे असलेल्या एका कुटुंबाने खरजेचे मलम तीन वेळा लावले होते. खाज दोन दिवस कमी होई आणि पुन्हा सुरू. होणारच, कारण खरजेचा किडा माणसाच्या कातडीत राहतो, तर हा पाहुणा चावून परत फटीत जातो. इलाज माणसांवर नव्हे, खुराड्यावर करायला हवा होता. तो केल्यावर मलमाची गरज उरली नाही.

पांढऱ्या पावडरीची किंमत

आता मुख्य मुद्दा. पिकावर धुरळण्याच्या अनेक भुकट्या ज्या जातीच्या विषाच्या असतात, ते श्वासातून जसे शरीरात जाते तसे कातडीतूनही जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचा जीव गेला, तेव्हा त्यांतील कुणी विष प्यायले नव्हते.

माझ्या पाहण्यातल्या एका घरात आजी तलंगेला पावडर चोळीत असताना कोंबडी धरायला चार वर्षांची नात बसली होती. तासा-दीड तासात मुलीच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने भिजले, उलट्या झाल्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू करून तिला जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले. चौथ्या दिवशी ती हसतखेळत घरी आली, हे तिचे नशीब. कोंबडी त्याच संध्याकाळी मेली होती. पक्ष्यांना ही विषे माणसांपेक्षाही लवकर भोवतात.

"पूर्वी आम्ही हेच वापरायचो," असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते खरे आहे. पण पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएचसी पावडरीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. जुन्या कोंबडीपालनाच्या पुस्तकांत उवांसाठी हमखास सुचवलेल्या कार्बारिलवर २०१८ साली बंदी आली. त्याच आदेशानुसार डायक्लोरव्हॉस आणि फोरेट २०२० च्या अखेरीपासून बंद झाले. तेव्हा जुन्या माणसांचा अनुभव मानावा, पण त्यांची पिशवी माळ्यावरून खाली काढू नये.

दुसरी एक पळवाट हल्ली दिसते. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध थोडे उरले की ते कोंबडीच्या मानेवर टाकतात. यांतील काही औषधांत फिप्रोनिल असते. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच लाल किड्यांसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये मारलेल्या द्रावणात फिप्रोनिल मिसळले गेले होते. ते अंड्यांत उतरले आणि युरोपातील दुकानांतून लक्षावधी अंडी परत घ्यावी लागली. तिथे निदान अंडी तपासणारी यंत्रणा होती. आपल्या परसातले अंडे कोण तपासतो? ते सरळ नातवाच्या ताटात जाते. रॉकेल चोळणे आणि तंबाखूचे पाणी लावणे हेही घातकच. तंबाखूतले निकोटिन हे स्वतःच विष आहे.

मग करायचे काय?

पहिले, आजारी तलंग वेगळी ठेवावी. कोरड्या, ऊबदार जागी डालग्याखाली ठेवावे, पण स्वयंपाकघरात नव्हे. स्वच्छ पाणी जवळ असावे. दाण्याबरोबर थोडी सुकट किंवा शेंगदाण्याची पेंड द्यावी. पेंडीला बुरशी आलेली नको. बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खराब करते.

दुसरे, तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. कोंबड्यांच्या उवांवर सौम्य औषधे आहेत. कोणते, किती पाण्यात आणि कसे लावायचे, हे पशुवैद्यकांनीच सांगावे; मी इथे मात्रा लिहिणार नाही. तीन गोष्टी मात्र त्यांना अवश्य विचाराव्यात. औषध पुन्हा केव्हा लावायचे? कारण पिसांच्या मुळाशी चिकटलेल्या लिखा पहिल्या वेळी मरत नाहीत, आणि त्या फुटून निघालेल्या उवा मारायला साधारण आठ-दहा दिवसांनी पुन्हा औषध लागते. अंडी किती दिवस खायची नाहीत? आणि कोंबडी किती दिवस कापायची नाही? उवा सगळ्यांना लागलेल्या असतात, म्हणून उपचारही एकीवर नव्हे, सगळ्यांवर हवा.

तिसरे, खुराडे. आतला जुना भुसा-गवत बाहेर काढून जाळावे. लाकडी दांड्या काढून उकळते पाणी ओतावे, उन्हात तापवाव्यात. फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवून चुना मारावा. नुसते चार-आठ दिवस खुराडे रिकामे ठेवून भागत नाही. लाल किडे काही महिने आणि गोचीड वर्षभराहूनही अधिक काळ उपाशी जगू शकते. खुराडे झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर ते हलवावे.

चौथे, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी एका पाटीत कोरडी माती आणि चुलीतली पूर्ण थंड झालेली लाकडाची राख ठेवावी. कोंबड्या आपल्या आपण लोळतील. हा आजीबाईचा उपाय मात्र जुना असूनही आजही खरा आहे.

पाचवे, कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. औषध लावताना मुलांना जवळ घेऊ नये, तोंडाला फडके व हातांत मोजे असावेत. शेतीची विषे घरात ठेवावीच लागत असतील तर कुलपात ठेवावीत. त्यांच्या वेष्टनावरचा त्रिकोण पाहायला घरातल्या सर्वांना शिकवावे. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे. चुकून विष अंगावर सांडलेच तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, घरी ओकारी काढण्याच्या फंदात न पडता रुग्णास दवाखान्यात न्यावे आणि ती पिशवी बरोबर आणावी. पिशवीवरचे नाव कळले तर आमचा मोलाचा वेळ वाचतो.

एवढे सांगितल्यावर हमखास एक प्रश्न येतो, "डॉक्टर, कोंबडीला कुठं दवाखाना दाखवायचा? गाय-म्हैस असती तर गोष्ट वेगळी." हा विचारच मला खटकतो. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बाईमाणसांच्या असतात. अंड्यांचे पैसे हे कितीतरी घरांत त्यांच्या हातचे एकमेव पैसे. नातवाची वही, स्वतःची औषधाची गोळी त्यातून येते. ती मिळकत किरकोळ मानायची आणि म्हणून तिच्यावर शेतातले उरलेसुरले विष चालवायचे, याला काटकसर म्हणता येणार नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोंबड्यांसाठीही आहे, त्याचा हक्काने उपयोग करावा. ज्यांच्या हातून योजनांची पिल्ले वाटली जातात त्यांनी लसीबरोबर उवांचा विषयही समजावून द्यावा. आणि कागदाच्या पुडीत सुटी पावडर बांधून देणाऱ्या दुकानदारांनी हे ध्यानात घ्यावे की १९६८ च्या कायद्याने कीटकनाशक लेबलाशिवाय विकता येत नाही. पुडीवर नाव नसते, म्हणून उद्या एखादे मूल माझ्यासमोर टेबलावर आले तर त्याच्या अंगात काय गेले आहे, हे मला कळायला मार्ग नसतो.

या रविवारी सवड काढून दोन कामे करावीत. रात्री विजेरी घेऊन खुराडे पाहावे, आणि दिवसा माळा. माळ्यावर सापडलेली जुनी, बिननावाची पावडर नाल्यात वा उकिरड्यावर टाकू नये; मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद करून ठेवावी आणि तिचे काय करायचे ते कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. कोंबडीसाठी मात्र ती मुळीच नाही.