गरिबांच्या नावाने मागितलेला टोल

आंतरजालाच्या तटस्थतेचा वाद मराठीच्या अध्यापकांनी आजवर अभियंते आणि वकील यांच्या हवाली करून टाकला आहे. वस्तुतः हा वाद वाचनाचा आहे. वाचकाने कोणत्या पत्त्यावर जाऊन काय वाचावे, यात हात घालण्याचा अधिकार मजकूर वाहून नेणाऱ्याला असावा काय? आमचे उत्तर 'नसावा' असे आहे. हरसूलसारख्या डोंगराळ, आदिवासी भागातून ते देणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. कारण असा अधिकार कोणाला हवा असला की नेमकी अशीच गावे साक्षीला उभी केली जातात.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे विनाशुल्क देणारी योजना भारतात आणली. आरंभीच्या परिमंडळांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. 28 डिसेंबर 2015 च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तील लेखात मार्क झुकरबर्ग यांनी महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला दिला. तो या सेवेवर हवामान आणि बाजारभाव पाहतो. मग तिला विरोध का, असा त्यांचा रोख होता. मात्र या फुकट दालनात कोणाला प्रवेश द्यायचा, याच्या अटी फेसबुकच ठरवीत असे. 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, मजकूर पाहून दर बदलण्यास मनाई केली. नियमभंगाला दिवसाला 50 हजार आणि कमाल 50 लाख रुपये दंड ठेवला. काही दिवसांतच फेसबुकने ती योजना भारतातून मागे घेतली.

'काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे', हा या योजनेच्या कैवाऱ्यांचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद होता. तो सात महिन्यांत कोसळला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात आली आणि स्पर्धेपोटी सगळ्याच आंतरजालाचे दर उतरले. त्या स्पर्धेत अनेक कंपन्या बुडाल्या, 'फ्री बेसिक्स' वाहून नेणारी कंपनीही त्यांत होती, हे खरे. परंतु गरिबाला तुकडाच परवडतो, हे गृहीतक खोटे ठरले ते ठरलेच. आमच्या भागातल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो, निकाल विद्यापीठाच्या पत्त्यावर पाहावा लागतो आणि संदर्भग्रंथ तिसरीकडेच शोधावा लागतो. उद्या त्याला काय लागेल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते एखाद्या कंपनीला कसे ठाऊक असावे?

आता तीच मागणी वेष पालटून आली आहे. 2023 मध्ये 'ट्राय'ने चर्चापत्र काढले, तेव्हा दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या संकेतस्थळांकडून जाळ्याच्या वापराचा 'न्याय्य वाटा' मागितला. चित्रफिती आमच्या तारा भरून टाकतात, तेव्हा त्यांच्या मालकांनी पैसे मोजावेत, असा हा हिशेब आहे. त्यात एक लबाडी आहे. चित्रफीत आपणहून तारेत शिरत नाही. ग्राहक ती मागवतो आणि त्या वाहतुकीचे पैसे रिचार्ज करताना आगाऊ भरतो. शिवाय जाळ्याचा मुख्य खर्च मनोरे, रेडिओलहरी आणि तारा यांचा असतो. तो एकदा झाला की गर्दीची वेळ सोडता एका जादा पानाच्या वाहतुकीला जवळजवळ काहीच लागत नाही. गर्दी हलकी व्हावी म्हणून मोठ्या चित्रफीत-कंपन्या स्वतःचे साठवण-संगणक वाहकांच्या दारात आणून ठेवतात, ते वेगळेच. एकाच खेपेचे भाडे प्रेषक आणि ग्राहक दोघांकडून वसूल करण्याला 'न्याय्य' हे विशेषण लावणे, हा निदान भाषेच्या अध्यापकांना तरी खटकायला हवे.

मजकूर पुरवणाऱ्याकडून पैसे घेतल्याने काय होते, ते दक्षिण कोरियात दिसले. तेथील जाळे-शुल्क इतर बहुतेक देशांच्या दसपट पडते, असे कारण देत 'ट्विच' ही चित्रफीत-सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये तेथून बाहेर पडली. ती ॲमेझॉनच्या मालकीची होती. तिची ही गत, तर पदरमोड करून चालणाऱ्या मराठी संकेतस्थळाचे काय होईल? आरंभी शुल्क फक्त बड्यांना लागेल, हे आश्वासन आम्हांला पुरेसे वाटत नाही. एकदा दारावर पहारेकरी बसला की कोणाला अडवायचे, हे तोच ठरवू लागतो.

'मग खेड्यांत जाळे नेण्याचा पैसा कोठून आणायचा?' या प्रश्नाचे उत्तर कायद्यात पूर्वीच आहे. कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातील 5 टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतली जाते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. त्यातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे अखर्चित पडून राहिला. ज्याला खेड्यांची चिंता आहे त्याने आधी त्या पैशाचा हिशेब मागावा.

वाहतुकीचे मोल घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. 1854 च्या टपाल कायद्याने पत्राचा दर अंतरावरून काढून वजनावर बसवला. जड टपालाला जास्त तिकीट, हे सर्वांनी मान्य केले. नियतकालिकांना सवलत मिळाली, तीही सगळ्या वर्गाला. संपादकाचे नाव पाहून नव्हे. साठोत्तरी अनियतकालिके प्रस्थापितांना कितीही झोंबली, तरी त्यांचे तिकीट मजकूर पाहून ठरले नाही. आंतरजालावरही जो अधिक वापरतो त्याने अधिक द्यावे. कोणाचे वाचतो, यावर दर ठरू नये. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांची संहिता काही मिनिटांच्या चित्रफितीपेक्षा कमी जागा घेते. म्हणजे साहित्याचे ओझे तारांना कधीच नव्हते, परंतु दारावरच्या टोलाचा पहिला फटका त्यालाच बसेल.

'ट्राय'च्या चर्चापत्रांवर कोणत्याही नागरिकाला मत कळवता येते. 2015 मध्ये दहा लाखांहून अधिक पत्रे त्या कार्यालयात पोहोचली होती. पुढच्या चर्चापत्रावर मराठी विभागांनीही, आणि मराठीतच, आपले म्हणणे लेखी कळवावे, अशी आमची मागणी आहे.